काचेतला कालवा

पाण्याला वळण लावायचा अधिकार देवाखालोखाल आपलाच, असं आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांचं ठाम मत होतं. पाटबंधारे खात्यात, निफाडकडच्या कालव्यांवर उभी हयात गेलेली. निवृत्तीनंतर नाशिकच्या फ्लॅटमध्ये कालवा कुठून आणणार? म्हणून त्यांनी हॉल आणि आतली खोली यांच्या मधल्या भिंतीत चार फुटी काचेची टाकी बसवली, तिच्यात पाणवनस्पती लावल्या आणि त्या शेतीला पाणी फिरवू लागले. मासे होते, पण ते त्यांच्या लेखी वाटसरू. खरी काळजी डाव्या कोपऱ्याची. तिथलं पाणी हलेना, पानांवर शेवाळ धरे. काकांनी पंपाचं तोंड कधी वर, कधी पुढच्या काचेकडे वळवलं, आडवा येणारा दगड काढला, मधली झुडपं भादरली. दर बदलानंतर माशांच्या खाद्याची चिमूट सोडायची, ती कुठवर वाहते ते पाहायचं आणि जिन्यातून मला हाक मारायची, "वर ये रे, टेलला पाणी पोचतंय का बघ." कालव्याच्या शेवटच्या टोकाला ते टेल म्हणत. भारनियमनात पंप बंद पडला की स्वतः पळी घेऊन ढवळत उभे. मी हॉलमधूनच "पोचतंय की" म्हणून सुटका करून घ्यायचो.

बिल्डिंगच्या गणपतीत मी त्यांची नक्कल केली. पुढ्यात टब, हातात पळी, "माझा डावा कोपरा उपाशी राहिला रे." लोक हसून लोळले. पहिल्या रांगेतल्या काकांनीही टाळ्या वाजवल्या. त्यानंतर मात्र जिन्यातली हाक बंद झाली.

पंधरा दिवसांनी माफी मागायला वर गेलो. वीज गेलेली, काका आतल्या खोलीत. अर्धांगवायूने काकू वर्षभर अंथरुणाला खिळल्यात हे माहीत होतं, पण मी कधी आत पाऊल टाकलं नव्हतं. काकूंची मान एका बाजूला कललेली. उशीवरून टाकीचा तोच, हॉलमधून डावा दिसणारा कोपरा तेवढा दिसत होता, बाकीची कपाटाआड. काका पळी फिरवत होते.

"हललं," काकू जड जिभेने म्हणाल्या.

"पान हललं की तिचा वेळ जातो," काका मला म्हणाले. मग पळी निथळत, "नक्कल झकास केलीस हो. हिलाही दाखव की एकदा."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. माफी मागायला गेलेला मी चहा पिऊन खाली आलो.

पुढे दोघं लेकीकडे सिन्नरला गेले. बसने तासाभराचा रस्ता. मी अजून गेलेलो नाही.