तिन्ही फ्यूज

रत्नागिरीतल्या आमच्या कॅनिंगच्या कारखान्यात आंब्याचा गर काढायचं यंत्र माझ्या कॉम्प्युटरवरून चालतं. त्याचा प्रोग्रॅम लिहायचा नसतो, काढायचा असतो: चौकोन आणि त्यांना जोडणाऱ्या तारा. चौकोनावर दोनदा क्लिक केलं की नवी विंडो उघडते. सीझनमध्ये दुपारपर्यंत बारा-पंधरा विंडो एकमेकींच्या डोक्यावर बसलेल्या असतात. त्यात एक खऱ्या यंत्राची, आणि एक चाचणीसाठी केलेली तिची नक्कल. दिसायला सारख्याच. खरी डावीकडे, नक्कल उजवीकडे, एवढाच माझा नियम. नकलेला वेगळा रंग द्यायला दोन मिनिटं लागली असती, पण मला माझ्या डोक्याचा भारी भरवसा.

यंत्र साफ करायला संगमेश्वरकडच्या एक मावशी आहेत. आतल्या जाळीत अडकलेले आंब्याचे धागे काढताना त्यांचा हात कोपरापर्यंत आत जातो. त्याआधी त्या भिंतीवरच्या पेटीतले तिन्ही फ्यूज उपसून ठेवत. त्यात वेळ जातो म्हणून मी त्यांना सगळ्यांसमोर झापलं होतं. "मी चालू केल्याशिवाय यंत्र हलणार नाही. फ्यूजना हात लावायचा नाही!" त्या मान हलवून गेल्या.

गेल्या सीझनला एका दुपारी मावशींचा हात आत होता आणि मी काचेच्या केबिनमध्ये नकलेवर एक बदल तपासत होते. पसारा बघून चिडले आणि सगळ्या विंडो शेजारी शेजारी मांडायची कमांड दिली. त्या आपल्या मर्जीने रांगेत बसल्या. मी सवयीने उजवीकडच्या विंडोत 'रन' दाबलं.

हिरवा दिवा लागला, म्हणजे हुकूम गेला. मग विंडोवरचं नाव वाचलं. खरी.

'स्टॉप' दाबलं की नाही, आठवत नाही. धावले एवढं खरं. मावशींची पाठ दिसत होती, हात आतच.

यंत्र गप्प होतं. मावशी धागे ओढत होत्या.

"मावशी, हात काढा," मी कसंबसं म्हणाले. "मी चुकून यंत्र चालू केलं."

त्यांनी हात बाहेर काढला, पुसला आणि ॲप्रनच्या खिशातून तिन्ही फ्यूज काढून दाखवले. माझा हुकूम त्यांनी एक दिवसही पाळला नव्हता. मला तिथेच रडू फुटलं.

अर्धी जाळी अजून राहिली होती. मावशींनी फ्यूज माझ्या ओंजळीत ठेवले.

"धरा, मॅडम. दोनी हातांनी धरा. माजा हात भायर येईस्तवर सोडायचे नाय."