काकांच्या धुऱ्यावरची झटका मशीन

माझा चुलतभाऊ पवनीला झटका मशिनी बनवतो. धानात रानडुकरं घुसू नयेत म्हणून धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, तारेत ही मशीन थांबून थांबून वीज सोडते. डुकराला दणका बसावा पण माणूस मरू नये, एवढ्याच जोराची. तो जोर आवरायला आत दोन ट्रान्झिस्टर असतात आणि ते अगदी जुळे लागतात. मी नागपुरात ॲनालॉग सर्किटचंच काम करतो, म्हणून सर्किट मीच काढून दिलं होतं.

दिवाळीत आलो, त्याच्या दुकानात एक मशीन उघडली आणि डोकंच सणकलं. जुळवून आलेल्या जोडीच्या जागी या शहाण्यानं डब्यातले हाताला लागतील ते दोन ट्रान्झिस्टर लावले होते. जोडी मिळत नव्हती म्हणे. मी तिथंच लॅपटॉप उघडला. प्रत्येक पार्ट थोडा कमी, थोडा जास्त, असा अंदाधुंद निवडत कॉम्प्युटर तेच सर्किट हजारदा चालवतो. मग पार्ट जुळले नाहीत तर काय घोळ होईल ते दिसतं. स्क्रीनवरच्या बहुतेक मशिनी ठीक निघाल्या. काही मात्र अशा, की ओल्या धुऱ्यावरचा अनवाणी माणूस जागीच आडवा व्हावा.

सांगितलं तर हसला. आमच्याकडे तार तपासतात हिरव्या गवताच्या काडीनं. टोक तारेला लावायचं, बोटांना मुंग्या आल्या की मशीन चांगली. त्यानं सगळ्या तशाच पास केल्या होत्या. अरे, काडीतून वीज मरत मरत येते! मशीन चालू आहे एवढंच ती सांगते. जोर किती, ते तिच्या बापाला कळत नाही.

"मंग सांग," तो म्हणाला, "यातली खराब कोनती?"

काही खराब निघणार हे नक्की, पण टेबलावरची कोणती, हे ते गणित सांगतच नाही. मोजायचं सामान नागपुरात. मग मी हातोडी उचलली आणि एकेक फोडत सुटलो. त्यानं माझं तोंड फोडलं. मी त्याला कपाटावर आदळलं. कपाटाची काच माझ्या कोपरात घुसली, तरी मी सोडला नाही. शेवटी तोच धापा टाकत म्हणाला की एक मशीन आसगावला बाबांच्या धुऱ्यावर आहे.

त्याचे बाबा म्हणजे माझे काका. रोज दिवस बुडताना मशीन चालू करून ते काडीनं तार तपासतात. फोन घरी ठेवून, अनवाणी; हात घसरून तारेला लागला तर खलास.

दिवस कलला होता. मोटारसायकलवर आम्ही एकमेकांना शिव्या देत, रक्त पुसत गेलो. पोचलो तेव्हा काका वाकले होते, काडी हातात, पाय चिखलात. हाका मारल्या, पण त्यांना कमी ऐकू येतं. मी धावत जाऊन असं ढकललं की म्हातारा धानाच्या बांधीत कोसळला आणि मनगट काडकन मोडलं. भावानं बॅटरीची वायर उपटली.

"खराब होती का?" काकांनी विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणालो. पुढे मोजली तेव्हा ती चांगली निघाली.

त्यांनी धड हातानं माझ्या कानाखाली जाळ काढला. मग पोराकडे वळले. "अशा आनखी कोनाकोनाच्या धुऱ्यावर लावल्या तू?"

भाऊ मान खाली घालून एकेक नाव सांगू लागला. काकांनी सगळी ऐकूनही घेतली नाहीत.

"मंग माह्यापाशी काय करून राहिले? जा."