मांडवाच्या मागे

चप्पल माझ्या नाकाला लावली तेव्हा मी शुद्धीवर होतो.

हे आधीच सांगून टाकतो. कारण पडलेल्या माणसाला काही कळत नाही असं लोकांना वाटतं. मला सगळं कळत होतं. चप्पल कोल्हापुरी होती, लग्नासाठी नवीन घेतलेली, तेल पाजलेली. ती आमच्या शाळेतल्या पी.टी.च्या सरांची होती. कित्येक वर्षं आम्ही स्टाफरूममध्ये शेजारी बसून चहा प्यायलो होतो. एक हात माझ्या मानेखाली घालून दुसऱ्या हातानं त्यांनी ती माझ्या नाकावर दाबून धरली.

"फिट आलीया काय बघतो," ते म्हणाले. थोडा वेळ बघितलं. मग चप्पल पायात घालत म्हणाले, "न्हाय. फिट न्हवं ही. प्यालाय."

भोवतीचे हसले. मी पीत नाही, असं मला म्हणायचं होतं. वाक्य आत नीट तयार झालं. बाहेर फक्त लाळ आली आणि एक लांबलचक आवाज. त्यानं त्यांची खात्रीच पटली.

आमच्या संस्थेच्या चेअरमनच्या थोरल्या मुलीचं लग्न होतं. निपाणीच्या बाहेर, त्यांच्या स्वतःच्या रानात. ऊस तुटून गेलेला, त्या रानात केवढा तरी मांडव घातलेला. चेअरमनच्या घरचं कार्य म्हणजे शाळेचं कार्य, ही आमच्याकडची रीत. मास्तर लोकांनी वाढायचं, पाहुण्यांना बसवायचं, अक्षता वाटायच्या. कुणी तोंडानं सक्ती करत नाही. पण जो येत नाही त्याची वेतनवाढ कुठं अडते ते सगळ्यांना माहीत असतं.

हेडमास्तरांनी कामं वाटून दिली. कुणाला जिलेबी, कुणाला भात, कुणाला पाणी. माझ्यापाशी आल्यावर ते जरा थांबले.

"सर, तुमचा आवाज मोठा हाय. पार्किंग तुम्हालाच जमतंय बघा."

मी एम.एस्सी. गणित. आमच्या बौद्ध वस्तीतला पहिला. माझा बाप तंबाखूच्या वखारीत हमाल होता. माझ्या हातची जिलेबी पंगतीत का चालणार नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तोंडानं कोण म्हणतं आता? कायदा आहे, सगळे शिकलेले आहेत. आवाज मोठा आहे म्हणतात आणि गळ्यात शिट्टी अडकवतात. मीही ती अडकवून घेतली.

वैशाखाचं ऊन. उसाची खोडकी बुटात टोचत होती. मी शिट्टी वाजवत गाड्या लावत होतो. माझेच विद्यार्थी आईबापांबरोबर गाडीतून उतरायचे, मला बघून मान खाली घालायचे. मला बी.पी. आहे हे मला ठाऊक नव्हतं. कधी मोजलंच नव्हतं. लग्न लागायच्या आधीच डोक्यात मागच्या बाजूला कुणीतरी पहार मारल्यासारखं झालं. शिट्टी तोंडातून गळली. ती उचलायला उजवा हात खाली केला, तो वर आलाच नाही. मग उलटी झाली, दोन गाड्यांच्या मधे. मग मी पडलो.

चेअरमन आले. जरीचा फेटा, कपाळाला गंध. मी त्यांच्याकडे बघत होतो. त्यांनी माझ्या उलटीकडे बघितलं.

"ह्या लोकांना एक दिवस बी दम निघत न्हाय," ते म्हणाले. "उचला. मांडवाच्या मागं टाका. पाहुण्यांच्या नजरंला पडता कामा नये."

ह्या लोकांना. मेंदूत रक्त सांडलेलं असतानाही ते दोन शब्द मला लख्ख ऐकू आले. आजही येतात.

मांडवाच्या मागं उष्ट्या पत्रावळ्यांचा ढीग होता. त्याच्या कडेला मला आडवं केलं. कुत्री आणि मी. कुणीतरी उतारा म्हणून ताकात लिंबू पिळून आणलं आणि माझं तोंड फाकवून ओतलं. ते छातीत गेलं. मी खोकून खोकून काळानिळा झालो. आत मंगलाष्टकं चालली होती. सावधान म्हटलं की बँड वाजायचा. अक्षता पडल्या, पहिली पंगत बसली, उठली, तिच्या पत्रावळ्या माझ्या शेजारी येऊन पडल्या. मग दुसरी बसली. त्यानंतर कधीतरी शिपायानं माझ्या बायकोला फोन केला, "सरांना जास्त झालीया, घिऊन जावा."

सुनंदा आली. ती घरी शिवणकाम करते. तिला मेंदूतलं रक्त वगैरे काही माहीत नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की तिचा नवरा पीत नाही. तिनं माझं तोंड हातात धरलं, ते एका बाजूला ओघळलेलं बघितलं आणि किंचाळली.

"माझा नवरा पीत न्हाय! दवाखान्यात न्ह्या कुणीतरी! गाडी काढा की वो!"

"वैनी, झोपू दे त्यांना. संध्याकाळपातुर उतरतंय," पी.टी.चे सर म्हणाले. त्यांच्या हातात भाताचं घमेलं होतं.

रानभर गाड्या उभ्या होत्या. सगळ्या मीच लावलेल्या, एकीला दुसरी घासणार नाही अशा सरळ ओळीत. त्यातली एकही निघाली नाही. शेवटी मांडवाला भाजी घेऊन आलेल्या टेम्पोवाल्याच्या तिनं हातापाया पडून मला कोबीच्या रिकाम्या पोत्यांवर घातलं. मग वाटेत आमचा नेहमीचा प्रश्न. कोल्हापूर जवळ, पण ते महाराष्ट्रात; आमचं दवाखान्याचं कार्ड कर्नाटकचं, ते चालतं बेळगावला. सुनंदानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि टेम्पो कोल्हापूरकडे घ्यायला सांगितला. कार्डाचं नंतर बघू म्हणाली. मी आज आहे तो त्या एका वाक्यामुळे.

डॉक्टर तरुण होते. स्कॅन बघून त्यांनी विचारलं, "कधी पडले?" तिनं सांगितलं. "मग इतका वेळ कुठं होता तुम्ही?" असं त्यांनी ओरडून विचारलं.

डोकं उघडलं, रक्त काढलं. मी जगलो. उजवा हात आला नाही. पाय आला, पण फरफटत. जीभ आली, पण जड. लवकर आणलं असतं तर हात बराच वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले. त्या हातानं मी फळ्यावर वर्तुळ काढायचो. कंपास न घेता. पोरं टाळ्या वाजवायची.

आता खरी गंमत ऐका. मी चालतो तो झोकांड्या खात. बोलतो ते अडखळत. तोंडाच्या एका कोपऱ्यातून लाळ येते, रुमाल लागतो. म्हणजे त्या दिवशी ते मला जे म्हणाले, ते मी आता कायमचा दिसतो. जन्मात थेंब न घेतलेला माणूस मी, आणि सगळा निपाणी तालुका मला बघून नाकाला पदर लावतो.

एकदा फिजिओथेरपीला निघालो होतो. बसमध्ये चढताना तोल गेला, एका बाईच्या अंगावर पडलो. कंडक्टर धावत आला. "ए, इळी! इळी!" उतर, उतर. कन्नडमधून त्यानं ड्रायव्हरला सांगितलं की सकाळी सकाळी ढोसून आलाय. मी खिशातून दवाखान्याचा कागद काढला. तो कागद मी प्लॅस्टिकमध्ये घालून कायम छातीशी ठेवायचो. कागद बघून त्यानं हात जोडले, सीट दिली. ती बाईही हळहळली. "अगाई गं, आजारी हाय व्हय बिचारा. आमाला वाटलं प्यालाय." मी डाव्या हातानं नमस्कार केला. सुटका झाल्यासारखं वाटलं. पुढं वर्षभर मी तेच करत राहिलो. कागद दाखवायचा, सुटका करून घ्यायची.

एक दिवस अंगणात भिंतीला धरून चालायचा सराव करत होतो. आई दारात बसून तांदूळ निवडत होती. मी तिला पाणी मागितलं. ती माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. सुपातला हात थांबला.

"तुझा बा बी त्या दिशी असाच बोलालता," ती म्हणाली.

"कुठल्या दिशी?"

"गेला त्या दिशी. पाणी मागत हुता. तोंड असंच एकीकडं गेल्यालं."

माझा बाप दारूनं मेला. हे आमच्या घरात सूर्य उगवतो तसं पक्कं होतं. तो वखारीच्या दारात पडला होता. भर सकाळी. वखारीच्या मालकानं सांगितलं, रात्रीची उतरली नसंल, पडू दे. आमची वस्तीही तेच म्हणाली. तो प्यायचाच, त्यामुळे कुणाला शंकाच आली नाही. दुपारी हमालांनी खाटेवर घालून घरी आणला. संध्याकाळी गेला. बाप दारूनं मेला, म्हणून मी दारूला शिवलो नाही, म्हणून शिकलो. सगळं आयुष्य त्या एका वाक्यावर उभं केलं. आणि ते वाक्य वखारीच्या मालकाचं होतं.

मी तिथंच अंगणात खाली बसलो. रडलो. आईला वाटलं पाय दुखतोय.

त्या दिवशी मला माझ्या कागदाची शरम वाटली. मी पीत नाही, मी पीत नाही, असं जगाला सांगत मी फिरत होतो. म्हणजे काय म्हणत होतो? पिणारा असतो तर मला उष्ट्या पत्रावळ्यांत टाकलेलं चाललं असतं? माझा बाप प्यायचा, म्हणून त्याला पडू द्यायचं होतं? चेअरमनचं गणित मी त्यांच्याच पद्धतीनं सोडवत होतो. फक्त उत्तर बदलून मागत होतो. कागद मी त्या रात्री ट्रंकेत टाकला. परत काढला नाही.

पुढच्या महिन्यात संस्थेचा वर्धापनदिन आला. हेडमास्तर घरी आले. जिद्दीनं आजारावर मात करणारे शिक्षक म्हणून माझा सत्कार ठरला होता. शाळेत परत रुजू होऊन मी डाव्या हातानं फळ्यावर लिहायला शिकलो होतो, त्याचा कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ काढला होता आणि तो गावभर फिरला होता. आता मी प्रेरणा झालो होतो.

"चार शब्द बोला, सर. देवाची कृपा, संस्थेचं सहकार्य... असंच कायतरी," ते म्हणाले.

स्टेजवर सूत्रसंचालन पी.टी.च्या सरांकडे. आयुष्यात असेही योग येतात. चेअरमन माईकवर म्हणाले, "सर आमच्याच कार्यात पडले. परमेश्वराची कृपा, आम्ही तातडीनं हालचाल केली." टाळ्या. मग त्यांनी शाल उलगडली. मी डावा हात आडवा धरला. शाल तिथंच थांबली.

माईक माझ्याकडे आला. शाळेतली सगळी पोरं समोर जमिनीवर बसली होती. सुनंदा शेवटच्या रांगेत.

"माझी जीभ जड आहे," मी म्हणालो. "हळू बोलणार. कुणाला घाई असेल तर त्यानं जावं."

कुणी उठलं नाही.

"तातडीनं हालचाल झाली हे खरं आहे. मला उचलून तातडीनं मांडवाच्या मागं टाकलं. माझ्या नाकाला चप्पल लावली. ती चप्पल आत्ता या स्टेजवर आहे."

पी.टी.च्या सरांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. ते मी बघितलं, पोरांनीही बघितलं.

"मी पीत नाही, हे सांगायला मी आलो नाही. मी त्या दिवशी नरड्यापर्यंत प्यालेलो असतो, तरी मला दवाखान्यात न्यायला पाहिजे होतं. माझ्या बापालाही न्यायला पाहिजे होतं. पोरांनो, लिहून घ्या. तोंड वाकडं झालंय का बघा. दोन्ही हात वर करायला सांगा. नाव विचारा. यातलं एक जरी चुकलं तरी गाडी काढा. पाणी नको, ताक नको, चप्पल नको. कोण आहे, कुठल्या वस्तीतला आहे, तोंडाला वास येतोय का, हे बघायचं नाही."

मग मी चेअरमनकडे वळलो. "शाल तुमच्याकडेच ठेवा. कुणी पडलं की अंगाखाली घालायला होईल."

टाळ्या वाजल्या नाहीत. मागून सुनंदा उठली, स्टेजपाशी आली आणि मला पायऱ्या उतरायला तिनं हात दिला.

आता मला वर्ग नाही. लायब्ररीत बसवलंय, जिथं कुणी येत नाही. काढून टाकलं तर बोभाटा होईल म्हणून नुसतं बसवलंय. बसू दे. सुट्टीच्या दिवशी मी बाहेर पडतो. विहारात जातो, वखारीच्या दारात, ऊसतोड टोळीच्या खोपटांत, पार जांबोटीच्या डोंगरापर्यंत. बी.पी.चं मशीन सुनंदाच्या पिशवीत असतं. फळा लागत नाही, माझं तोंडच पुरतं. "असं दिसलं की गाडी काढायची," म्हणतो आणि गालाला बोट लावतो. पोरं आधी हसतात, मग एकमेकांचे हात वर करून बघतात.

जांबोटीकडच्या एका बाईचा नवरा भाताच्या बांधावर पडला. पट्टीचा पिणारा. त्या दिवशीही प्यालेलाच होता. लोक म्हणाले, झोपू दे. तिनं त्याचे हात वर धरले, एक खाली पडला. बसची वाट न बघता तिनं दुधाची गाडी आडवी उभी केली. माणूस आज चालतो, बोलतो. आणि पितोही. तिचा मला फोन आला की ती त्याला शिव्या घालते. मला त्या शिव्या ऐकायला आवडतात. जिवंत माणसालाच शिव्या देता येतात.

लग्नसराईत मी मांडवात शिरतो. पुढाऱ्यांच्या स्वागताला माईक मिळतो, मला दोन मिनिटं द्या म्हणतो. काही ठिकाणी देतात. काही ठिकाणी माझी चाल बघून दोघं जण दोन्ही बाजूंनी दंडाला धरतात आणि बाहेर नेतात. कागद मी दाखवत नाही.

चेअरमनच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलंय. तेच रान, ऊस आत्ताच तुटलाय. पोरगी माझ्याकडेच गणित शिकली, हुशार आहे, तिच्याशी माझं काही वैर नाही. स्टाफला कामं वाटून झालीत. माझ्या वाट्याला काम नाही, पत्रिकाही नाही.

"जाणार व्हय?" सुनंदानं काल विचारलं.

"जाणार."

"हाकलतील."

"हाकलू देत. परत आत येतो."

तिनं माझा पांढरा शर्ट घेतला आणि इस्त्री तापत ठेवली.

मी जाणार आहे. गाड्यांच्या मधून, पंगतीच्या मधून, याच फरफटत्या पायानं, पुढच्या दारानं. माईक मागेन. नाही दिला तर तसाच बोलेन, माझा आवाज मोठा आहे हे त्यांनीच सांगितलंय. उचलून टाकायचं असेल तर टाका. पण शुद्धीवर असलेल्या माणसाला, सगळ्या पाहुण्यांच्या देखत टाकावं लागेल. मांडवाच्या मागे मी आता जाणार नाही.