जुना रुपया, नवा रुपया

गोपाळमामांकडे कोणी काही धार लावायला आणलं की ते आधी वस्तू बघायचेच नाहीत. माणसाला विचारायचे, "कापतलास काय?" गवताच्या कोयत्याची धार वेगळी, मासे चिरायच्या आडाळ्याची वेगळी, न्हाव्याच्या वस्तऱ्याची तर एकदमच वेगळी. सर्वण गावात घराच्या अंगणात त्यांचा पायाने फिरवायचा दगड, चाळीस वर्षं बसायची जागा तीच. डिचोलीच्या बाजारातल्या मासेवाल्या बायका त्यांच्याकडेच यायच्या.

डिसेंबरात गौरवी आली, त्यांच्या बहिणीची मुलगी. ती चाकांचे बूट घालून हॉकी खेळायची, आणि आता तिला लेहला बोलावलं होतं, बर्फावरच्या हॉकीच्या शिबिराला. तिथे संघ निवडणार होते. त्या संघात जायचं म्हणून पोरीने नोकरीसुद्धा सोडली होती. बर्फाचे बूट कोणाचे तरी जुने मिळाले, खाली लांब पातं, धार पार गेलेली. गोव्यात ती कोण लावून देणार?

मामांनी सवयीने विचारलं, "ह्या काय कापता गो?"

"काय कापूचा नाय मामा. ह्याच्यार उभ्यान ऱ्हवूचा आसा."

"उभ्यान ऱ्हवूक धार? सत्तर वर्सांत पयल्यांदाच आयकतंय."

पात्याला मधोमध बारीक पन्हळ होती आणि दोन्ही कडांना दोन धारा. गौरवीने फोनवर वाचून सांगितलं, पन्हळ खोल असली तर पाय बर्फ घट्ट धरतो, उथळ असली तर मोकळा सरकतो. किती खोल ते ज्याने त्याने ठरवायचं, बर्फावर उभं राहून. मामांनी दोन रुपये काढले, एक जुना मोठा, एक नवा छोटा. डब्याच्या पत्र्यावर रुपया ठेवून गोलाई कापली, तो पत्रा मापाला लावून लावून दगडाची सपाट कड गोल घासली. नव्या रुपयाची पन्हळ खोल, जुन्याची उथळ. एका बुटाला ही, दुसऱ्याला ती.

सुविधामामी दारातून ओरडल्या, "घरचो आडाळो बोथट, बांगडो चिरना नाय, आणि ह्यांका बर्फाची पडलीहा!"

"बांगडो उद्या खा," मामा म्हणाले.

पण बघायला बर्फ कुठे? गौरवीच्या स्कूटरवर मागे बसून मामा केरीला गेले. तिथे साईश होता, होडीवाल्यांना मासळीसाठी बर्फ देणारा. त्याने एक लादी जमिनीवर टाकली.

"मामा, भाचयेक बांगड्यांच्या पेटयेत घालतास काय?"

"गप रे. हात धर तिचो."

नव्या रुपयाचा पाय लादीत रुतला, गौरवी पडता पडता वाचली. जुन्या रुपयाचा छान सरकला. लादीला उन्हात पाणी सुटलेलं, अंगठा दाबला तर खळगा पडत होता. ते मामांनी बघितलं, पण मनात धरलं नाही. घरी येऊन दोन्ही बूट जुन्या रुपयाने केले. नखावर धार फिरवून म्हणाले, "जा आता. माझी धार कोणाक फसवणा नाय."

जानेवारीत फोन आला.

"मामा, निवड झाली."

"तुझी?"

"नाय. माझो पाय धरनाच नाय. सगळ्यांच्या समोर तीनदा पडलंय."

मामांनी विचारलं, "थंयचो बर्फ कसो गो?"

"दगडासारखो मामा. नखान ओरखडो सुदीक उठना नाय."

"म्हणजे नवो रुपयो होयो होतो."

"तुमचो दोष नाय मामा."

"माझोच. लोकांका जल्मभर विचारलंय, कापतलास काय म्हणून. तुका थंयचो बर्फ कसो ता विचारूक नाय. म्हावऱ्याच्या बर्फार धार ठरवलंय."

गौरवी म्हणाली, जावंदे मामा, पुढच्या वर्षी बघू. तेवढ्यात फोन कटला. मामांनी परत लावला, लागेना. परत लावला. मग हातात नवा रुपया घेऊन दगडापाशी जाऊन बसले. करणार काय? बूट तिकडे, दगड इकडे, आणि निवड तर होऊन गेलेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा पत्रा कापायला घेतला, पोर आली की लगेच करून देतो म्हणाले. पाचव्या दिवशी सकाळी चहा पिता पिता छातीत कळ आली. डिचोलीच्या इस्पितळात पोचेपर्यंत काही राहिलं नव्हतं.

गौरवी लेहहून आली ती त्यानंतर तीन दिवसांनी. बुटांची पिशवी दगडाजवळ ठेवली आणि तिथेच बसून राहिली. अर्धा कापलेला पत्रा तसाच पडलेला होता. घरात कोणालाच त्यातलं काही येत नाही.

अजून कोणी कोणी येतं. परवा शेजारची रत्ना कोयता घेऊन आली. तिला वाटलं, मामी तरी फिरवून देतील. मामींनी दगडाच्या कडेवर हात फिरवला.

"ह्याच्यार कोयतो लागाचो नाय गो," म्हणाल्या. "त्यांनी दगडाची कड गोल केल्यानी."