पाट्याची गाडी

अमरावतीच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात त्या दिवशी दोन पिकअप शेजारी उभ्या होत्या. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही सारख्याच वापरलेल्या. फरक पुढच्या चाकांत होता. एकीची पुढची दोन्ही चाकं एकाच जाड लोखंडी अ‍ॅक्सलला बांधलेली, आणि त्यावर एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्यांचे पाटे. ड्रायव्हर लोक तिला 'पाट्याची' म्हणतात. दुसरीची चाकं सुटी, प्रत्येकाला स्वतःची स्प्रिंग. ती 'स्प्रिंगची'.

माझे मिस्टर शेंदूरजनाघाटच्या बगीच्यांमधून संत्री भरून अमरावती आणि अकोल्याच्या मार्केटात न्यायचे. जुनी गाडी मोडीत निघाली होती आणि त्यांची कंबरही बरी नव्हती. मणक्याची गादी सरकायला लागली आहे, धक्के टाळा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हे तिथेच हसले होते. "साहेब, धक्के टाळून गाडी कशी चालवू?"

दोन्ही गाड्यांत मी त्यांच्या शेजारी बसून एकेक फेरी मारली. पाट्याच्या गाडीचं एक चाक दगडावर चढलं की दुसऱ्या बाजूला बसलेल्या माझे दात एकमेकांवर आपटत. स्प्रिंगच्या गाडीत खड्डा डोळ्यांना दिसला, अंगाला फारसा कळला नाही.

"हीच घ्या," मी म्हटलं.

"डांबरी रोडवर ठीक हाय वं. पांधणीत घालून पाह्य, बगीच्याच्या कच्च्या वाटेत. चिखल, दगडं, वरतून माल. हिच्या खालचे जोड झिजले का चाक फाकते. मंग संत्रं बगीच्यातच सडते."

"अन् तुमची कंबर?"

"कंबरले पट्टा हाय माह्या. गाडीले कुठं पट्टा बांधता येते?"

आणि पाट्याची गाडी आमच्या दारात आली.

त्यांचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही. त्याच हंगामात आमच्या ओळखीतल्या एकाची स्प्रिंगची गाडी भरल्या कॅरेटांसकट पांधणीत बसली. पुढचं चाक मोडलेल्या पायासारखं बाहेर वळलं होतं. ट्रॅक्टर लावून ओढली तोवर माल उन्हाने गेला होता. आमची गाडी त्याच वाटेने रोज जात होती. बगीचेवाले म्हणायचे, तुमची गाडी कुठंही घुसते. हे ऐकून त्यांचा चेहरा फुलायचा. घरी येऊन मात्र ते जेवायच्या आधी फरशीवर उताणे पडून राहायचे, पाय भिंतीला टेकवून. विचारलं तर एकच शब्द, "थकलो."

पुढे डाव्या पायाला मुंग्या येऊ लागल्या. मग चप्पल पायातून निसटायची आणि त्यांना कळायचं नाही. मी दवाखान्याचं काढलं की उत्तर ठरलेलं होतं. "आंबिया बहाराचा माल निघू दे, मंग जाऊ."

बहार पुरता निघालाच नाही. एका सकाळी मोर्शीच्या पुढून त्यांचा फोन आला. आवाज अगदी शांत होता, म्हणूनच मी घाबरले.

"गाडी बाजूले लावली म्या. क्लच दबून नाही राह्यला."

"क्लच खराब झाला का?"

"नाही वं. पाय."

तिथवर ते डावा पाय हाताने उचलून क्लचवर ठेवत आले होते. मी पोचले तेव्हा ते स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसले होते. सकाळपासून लघवी झाली नव्हती, हे त्यांनी मला नाही, अमरावतीच्या डॉक्टरांना सांगितलं. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. नंतर डॉक्टर म्हणाले, नस फार दिवस दबून होती, आधी यायला पाहिजे होतं. कंबरेची कळ कमी होईल, पण पाऊल परत उचलेल याची खात्री नाही.

पाऊल उचललं नाही. बसणंही थोडाच वेळ जमायचं. दारात धडधाकट गाडी आणि आत पलंगावर माणूस, असे आमचे महिने गेले. लोक भेटायला येत आणि जाताना गाडीचं विचारत. विकता का? ते भिंतीकडे तोंड करत.

गाडी मी चालवते, असं मीच एक दिवस म्हटलं. त्यात शौर्य काही नव्हतं. दुसरं काय येत होतं मला? त्यांचा एक ड्रायव्हर मित्र शेजारी बसून शिकवायला लागला. सुरुवातीला गाडी रस्त्यावर आली की पानटपरीवरची माणसं बोलायची थांबत. सासूबाई मात्र रोज निघताना पाण्याची बाटली भरून सीटवर ठेवून द्यायच्या.

पहिल्यांदा एकटीने पांधणीतून भरली गाडी काढली, तेव्हा मला त्यांची सगळी वर्षं एकदम समजली. प्रत्येक दगड अ‍ॅक्सलमधून स्टिअरिंगमध्ये, तिथून खांद्यात आणि खांद्यातून पाठीत उतरत होता. डांबरी रोडला लागल्यावर मी गाडी थांबवली आणि रडले. त्यांनी हे मला कधी का सांगितलं नाही, याचा राग होता. पण सांगून तरी काय झालं असतं!

घरी गेल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "पाटा आवाज करून राह्यला का?"

रोज हाच. पाट्याचे बोल्ट पाहिले का, ग्रीस भरलं का. एका संध्याकाळी माझा तोल गेला.

"गाडीचंच इचारता. माह्या अंगाचं कधी इचारान का नाही?"

दुसऱ्या दिवसापासून गाडीचंही विचारणं बंद झालं. मला ते बंद व्हायला नको होतं.

दोन हंगाम असे काढले. मग सकाळी उठताना मला पलंगाची कड धरावी लागू लागली. मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण पडल्या पडल्या त्यांना सगळं दिसत होतं.

"इकून टाक हिले," एका सकाळी ते म्हणाले. "स्प्रिंगची घे."

"अन् पांधणीत कोण जाईन?"

"कोणीच नाही. त्यायले म्हण, माल रोडवर आणून द्या."

मी बगीचेवाल्यांना तसं सांगितलं. काही जण ट्रॅक्टरने माल रोडपर्यंत आणून द्यायला तयार झाले. बाकीच्यांनी दुसऱ्या गाड्या धरल्या. काम निम्म्यावर आलं आणि आम्ही स्प्रिंगची गाडी घेतली.

त्याच उन्हाळ्यात बाळापूरला, माझ्या माहेरी, भाचीचं लग्न होतं. ऑपरेशननंतर हे गावाबाहेर कुठे गेले नव्हते. या वेळी स्वतःहून येतो म्हणाले. नवी गाडी नरम आहे, बसवेल. सासूबाईंनी त्यांना इस्त्रीचा शर्ट घालून दिला. मी सीटवर गोधडीची घडी टाकली. मोर्शीला थांबलो, अमरावतीला एका ओळखीच्या घरी ते तासभर आडवे झाले. परत बसताना म्हणाले, "मस्त चालून राह्यली गाडी." चालवत होते मी, पण मला वाटलं ते मलाच शाबासकी देत आहेत.

बडनेऱ्याच्या पुढे त्यांचं बोलणं थांबलं. मी पाहिलं तर दोन्ही हातांनी सीटची कड धरून ते अंग वर तोलून बसले होते. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. रस्ता गुळगुळीत होता. एकही खड्डा नव्हता.

मी गाडी कडेला घेतली.

"मले मांगं झोपव," ते म्हणाले. "चालते मले. लग्न हाय."

मागच्या हौद्याखाली पाटेच असतात, रिकाम्या गाडीत ते किती उडवतात, हे माझ्यापेक्षा त्यांना जास्त माहीत होतं. गाडी वळवली. माहेरी फोन करून सांगितलं की आमचं जमत नाही. पलीकडे बँड वाजत होता, बहिणीला नीट ऐकूही आलं नसावं.

परतीच्या वाटेवर त्यांनी डोळे मिटून घेतले होते. झोपले असं मी धरून चालले होते. मोर्शी आल्यावर ते डोळे न उघडता म्हणाले, "अकोल्याचा माल एकटीच नेतं तू. लग्न-गिग्न आलं तं एकटीच जात जाय. माह्यासाठी थांबू नको."

"बरं," मी म्हटलं, आणि गियर बदलला.