प्रल्हादची म्हैस आणि चाळीस मिनिटं

प्रल्हाद मूर्खपणाने मेला.

आज वर्ष झालं. म्हणून सकाळपासून गावच्या ग्रुपवर फुलांचे फोटो पडतायत. 'देवमाणूस.' 'अजातशत्रू.' 'हसतमुख व्यक्तिमत्त्व.'

अजातशत्रू म्हणे! पाण्याच्या पाळीवरून तो ज्याच्याशी भांडला नाही असा अख्ख्या साखरखेर्ड्यात एक शेजारी दाखवा. आणि हे फोटो टाकणाऱ्यांपैकी निम्म्यांना तो रस्त्यात नमस्कारसुद्धा करत नव्हता.

असो. तो कसा मेला ते मला सांगायचंय. वर्षभर मी ते कुणाला खरं सांगितलेलं नाही.

माझं पंपाच्या मोटारींच्या रिवाइंडिंगचं दुकान. त्याच्या मागेच प्रल्हादचं शेडनेट, मिरचीच्या बियाण्याचं. सकाळचं क्रॉसिंगचं, म्हणजे फुलांना हाताने पराग लावायचं, काम आटोपलं की तो दुकानात यायचा. दुपारी लाईन गेली की मीही रिकामा. मग आम्ही दोघं मोबाईलवर रोबोटच्या लढाया खेळायचो.

बेचाळीस वर्षांचे दोन घोडे. हसा.

गेम साधा. तुमचा एक रोबोट, समोर कॉम्प्युटरचा एक, आळीपाळीने चाल. गोळी मारली की रोबोट तापतो. पार तापला की एक चाल बंद पडतो. कॉम्प्युटरचे रोबोट नेहमी आमच्यापेक्षा दहा-बारा लेव्हल वर.

त्यांना आम्ही 'साहेब' म्हणायचो. ताकद भरपूर, अक्कल शून्य.

मी माझ्या रोबोटला मिळतील तेवढ्या तोफा लावल्या होत्या. तिसऱ्या चालीत माझा भुगा व्हायचा.

प्रल्हादने एकच फुसकी बंदूक लावलेली. बाकी सगळं चिलखत आणि थंड करायचे पंखे. स्क्रीनवर नुसता काळा ढिगारा दिसायचा. त्याचं नाव त्याने ठेवलं होतं म्हैस.

"हे काय लढणं आहे का बे? नुसती मार खाऊन राह्यली तुही म्हैस."

"खाऊ दे ना. साहेबाले डोकं नाही. समोर कोणी दिसलं का मोठी तोफच मारते. मारू दे. तापते, बंद पडते, मंग आपण."

आणि तसंच व्हायचं. साहेब दणादण तोफा मारून जागच्या जागी ठप्प. म्हैस पुढे सरकायची, एक टोला द्यायची, मागे यायची. मग प्रल्हाद मुद्दाम एक चाल सोडून तिला थंड करायचा. एकेक मॅच अर्धा-अर्धा तास. बघून मला झोप यायची.

मी त्याला पळपुटा म्हणायचो. हरायचो मात्र मीच.

पण जिंकायची सवय लागली आणि त्याचं डोकं फिरलं. त्याला वाटायला लागलं, दुनियेतली प्रत्येक भानगड अशीच मिटते. दाढ सुजून गाल टोमॅटो झाला, तरी हा म्हणे, "एक चाल सोडून पाहू." बायको डोकं आपटून घ्यायची.

त्या दुपारी तो गेममधल्या शेवटच्या साहेबासमोर होता. महिनाभर तिथेच अडकलेला. मधेच त्याने छातीवर हात ठेवला.

"काऊन बे?"

"जळजळ होऊन राह्यली. सकाळी भजे खाल्ले."

"मेहकरले दवाखान्यात जाऊ का? गाडी बाहीरच हाय."

"थांब ना बे. एक चाल सोडतो. होते थंड."

मी हसलो. आणि मला ते पटलं.

माझा धंदा काय? जळालेल्या मोटारी उघडणं. आलेल्या प्रत्येकाला मी शिव्या घालतो, की मोटार गुरगुरायला लागली तेव्हाच बंद का नाही केली, वाट कशाची पाहत होता. लोक मान खाली घालून ऐकतात. कारागीर म्हणून माझं मोठं नाव आहे.

त्याचा शर्ट घामाने पाठीला चिकटला. मी म्हटलं, लाईन नाही, उकडतंय.

मग त्याने फोन माझ्यापुढे धरला. "तू खेळ. माहा हात भरून आला."

डावा हात.

मी फोन घेतला आणि खेळत बसलो.

त्याच्यासारखाच खेळलो. न चिडता, चाली सोडत. साहेब तापला, बंद पडला, म्हशीने त्याला आडवा केला. मी ओरडलो, "जिंकलो बे परल्या!"

तो भिंतीला टेकून बसला होता. डोळे उघडे होते, पण माझ्याकडे नव्हते.

गाडीत टाकून मेहकरला नेलं. डॉक्टरने विचारलं, त्रास कधीपासून होता?

मी म्हटलं, "आत्ताच. एकदम झालं."

दहाव्याला त्याच्या बायकोने, सुनंदावहिनींनी, मला बाजूला घेतलं. "भाऊजी, खरं सांगा. त्यायले लय तरास झाला का? काही बोलले का?"

"नाही वहिनी. बसल्या बसल्या गेला. कोणाच्याच हातात काही नव्हतं."

त्यांनी मला हात जोडले. माझ्यासारख्या माणसाला. तेव्हापासून सांगत असतात, "भाऊजी शेवटपर्यंत संगं होते." सणावाराला घरून डबा पाठवतात. आणि मी तो खातो.

काल त्यांना तोंडाने सांगायला गेलो होतो. दारातच चहा पिऊन परत आलो. तेवढी हिंमत नाही, म्हणून इथे लिहितोय. देवमाणूस-देवमाणूस करणाऱ्यांनो, तुम्ही निदान त्याला मारलं तरी नाही.

वहिनी, तो बसल्या बसल्या नाही गेला. छातीत जळजळतंय म्हणून सांगितल्यावर चाळीस मिनिटं होती आमच्याकडे. गाडी दारात होती. किल्ली माझ्या खिशात होती. मी त्याचा गेम खेळत होतो.

आता मला काय म्हणायचं ते म्हणा. डबा पाठवू नका.

परल्या, तुला श्रद्धांजली कोणत्या तोंडाने वाहू? जा बाबा. जमलं तर माफ कर.