चौथ्या प्रकरणातली दोन मोकळी पानं

माझ्या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात दोन पानं कोरी आहेत. ती चुकून राहिलेली नाहीत आणि त्याबद्दल मी विद्यापीठाची माफी मागणार नाही.

जर्मनीत बॉनला मी पीएचडी करत होते. विषय होता ऑस्ट्रेलियातला एक दवाखाना, जो तिथले मूळचे, अॅबोरिजिनल लोक स्वतःच चालवतात. डॉक्टर कोण नेमायचा, पाहुण्या संशोधकाने काय लिहायचं, सगळं त्यांनी आपल्यातूनच निवडलेलं मंडळ ठरवतं. अध्यक्ष सत्तरीच्या एक बाई. तिकडे वडीलधाऱ्या बाईला मानाने आंटी म्हणतात, म्हणून मीही म्हणायची. आमच्यात लेखी ठरलं होतं की प्रत्येक प्रकरण आधी मंडळ वाचेल, मगच ते बाहेर जाईल.

चौथं प्रकरण पाठवलं आणि तिकडे मंडळातले एक म्हातारे वारले. दुखवटा संपेपर्यंत बैठक नाही, असा निरोप आला. इकडे माझ्या गाइड बाईंना प्रकरण शुक्रवारी हवं होतं. ते दिलं तरच माझ्या कॉन्ट्रॅक्टची फेरलेंगेरुंग, म्हणजे मुदतवाढ, आणि कॉन्ट्रॅक्ट वाढलं तरच जर्मनीत राहायची परवानगी. मग इन्स्टिट्यूटमध्ये सगळे करतात तेच मी केलं. मेल टाकली : गुरुवारपर्यंत काही कळवलं नाहीत, तर आपली हरकत नाही असं समजते.

आंटींचं एका ओळीचं उत्तर आलं. "बाळा, आमच्या गप्प बसण्याला तू 'हो' कधीपासून समजायला लागलीस?"

माझे कान तापले. मी गडचिरोलीची, गोंडाची पोर. आमच्या ग्रामसभेत एकदा जंगलखात्याचा साहेब बांबूतोडीचा ठराव लिहूनच घेऊन आला होता. वाचून दाखवला आणि म्हणाला, कुणी बोलत नाही, म्हणजे मंजूर. तेव्हा माझे बाबा उठून म्हणाले, "साहेब, आमचा विचार चालू आहे. तुम्ही चहा घ्या." तो विचार तीन सभा चालला आणि ठराव पडला. ही गोष्ट मी बॉनमध्ये येईल त्याला कौतुकाने ऐकवत असे. आणि आता तो साहेब मीच झाले होते. मला माझी लाज वाटली. मेल मागे घेतली आणि आंटींची माफी मागितली.

तरी शुक्रवारची धाकधूक होतीच. बाबांना फोन करून सगळं सांगितलं.

"गावात कुणाची माती झाली की आपली सभा बसते का?" त्यांनी विचारलं.

"नाही बसत."

"मग तू मला काय विचारतेस?"

शुक्रवारी गाइड बाईंच्या खोलीत रिकाम्या हाताने गेले.

"आल्झो, तर मग, प्रकरण कुठे आहे?"

"मंडळाकडे. त्यांची बैठक झाली की देईन."

"आणि ते नको म्हणाले तर?"

"तर नाही."

त्यांनी शांतपणे समजावलं, संशोधन स्वतंत्र असलं पाहिजे, बाहेरच्यांच्या हातात कात्री देता येत नाही. बाई वाईट नव्हत्या. पण बॉनमध्ये बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि शेळ्या ज्यांच्या त्यांना विचारायचंही नाही, असलं स्वातंत्र्य मला नको होतं. तसं मी सांगितलं. वर्षभराची फेरलेंगेरुंग तीन महिन्यांवर आली.

सहा आठवड्यांनी बैठक झाली. तिकडची संध्याकाळ, इकडची सकाळ, मी स्क्रीनसमोर. प्रत्येकाचं बोलून झाल्याशिवाय आंटी पान उलटत नव्हत्या. बाकी सगळ्याला होकार मिळाला. फक्त दवाखाना कसा उभा राहिला ते त्या वारलेल्या म्हाताऱ्यांनी मला सांगितलं होतं, ती दोन पानं बाहेर जाऊ नयेत, असं त्यांच्या घरच्यांचं म्हणणं होतं. माझ्या अख्ख्या प्रबंधातलं तेच सगळ्यात चांगलं लिखाण होतं. जीव तुटला, पण पानं काढली.

गाइड बाई म्हणाल्या, पानांचे आकडे बदला, कुणाला कळणारही नाही. ते वाचणाऱ्याला कळावं, हेच तर मला हवं होतं. आकडे तसेच ठेवून पानं कोरी सोडली.

परीक्षकांकडून प्रत परत आली तेव्हा पहिल्या कोऱ्या पानावर लाल पेनने लिहिलं होतं, "हा भाग पूर्ण करावा."

मी त्याखाली लिहिलं, "मंडळाला विचारा," आणि दवाखान्याचा पत्ता दिला.